मुलांसाठी बसून चालवायचा वाळूचा जेसीबी: सोलापुरात घेताना काय काय बघायचं

आपल्याकडं कुठंही ड्रेनेजचं नाहीतर पाइपलाइनचं काम निघालं की जेसीबीभोवती पोरांचा घोळका जमतोच, मोठी माणसंपण गाडी बाजूला लावून बघत उभी राहतात. त्यामुळं तीन-चार वर्षांच्या लेकराला स्वतः सीटवर बसून, लिव्हर ओढून वाळू उपसायचा छोटा जेसीबी मिळाला की ते तिथून उठायचं नाव घेत नाही, मोबाईल मागत नाही, आणि दोन्ही हात, खांदे, डोळे, डोकं सगळं एकदम कामाला लागतं. हा लेख त्याच खेळण्याबद्दल आहे. एक सीट, समोर दोन लिव्हर, पुढं आर्म आणि त्याला बकेट. ऑनलाइन बघताना हे 'सँड डिगर' किंवा 'राइड ऑन एक्स्कॅव्हेटर' अशा नावानं सापडतं, नुसतं 'जेसीबी टॉय' टाकलं तर हातात धरायची छोटी खेळणीच जास्त येतात.

आता बहुतेक जण काय करतात, फोटो आवडला की ऑर्डर टाकतात आणि खोका घरी आल्यावर विचार करतात की हे ठेवायचं कुठं आणि वाळू आणायची कुठली. सोलापूरचं ऊन, इथली काळी माती आणि अंगणातला हौद या तीन गोष्टींमुळं तरी हा क्रम उलटा पाहिजे. आधी जागा, मग वाळू, मग लेकराचं माप आणि सगळ्यात शेवटी जेसीबी. मी त्याच क्रमानं सांगतो.

आधी टेप घ्या आणि जागा मोजा

जेसीबी ठेवायला किती जागा लागते एवढंच बघून भागत नाही, त्याचा आर्म पूर्ण ताणून तो गोल फिरला की किती जागा घेतो ते बघायचं. समजा मधल्या खांबापासून बकेटच्या दातापर्यंत 3 फूट भरतं, तर फिरताना 6 फुटांचं वर्तुळ झालं, आणि त्याच्या बाहेर चारी बाजूंनी अजून 2-3 फूट मोकळं पाहिजे कारण भरलेली बकेट झोकात फिरते आणि शेजारचं पोरगं वाकून बघायला नेमकं तिथंच येतं. म्हणजे 10 ते 12 फूट लांब आणि तेवढीच रुंद जागा धरून चाला. या गोलात कंपाउंडची भिंत, तुळशी वृंदावन, बोअरचा पाइप, जिन्याची पायरी, उभी केलेली गाडी, यातलं काही येता कामा नये.

जुळे सोलापूर, विजापूर रोड, होटगी रोड या बाजूला बंगल्याला पुढं किंवा मागं एवढी जागा निघते. पेठांमधल्या जुन्या घरांत ती निघत नाही, मग तिथं पूर्ण गोल फिरणारा घ्यायचा हट्ट करू नका, ज्याला फिरण्यावर स्टॉपर असतो किंवा जो फक्त पुढं-मागं खोदतो असा घ्या आणि पाठ कोपऱ्याकडं करून बसवा, पोरांना त्यातपण तेवढंच रमता येतं.

आणि हौद. आपल्या गावात नळाला पाणी रोज येत नाही, त्यामुळं बहुतेकांच्या अंगणात जमिनीखाली हौद आहे आणि त्याचा स्लॅब म्हणजे सपाट, स्वच्छ, खेळायला छान वाटणारी जागा. तिथं वाळूचा खड्डा करू नका. एक तर वजन, दुसरं म्हणजे वाळू झाकणाच्या फटीतून पाण्यात जाते, आणि तिसरी गोष्ट सगळ्यात मोठी, झाकणाजवळ लहान मुलं एकटी खेळणं हेच धोक्याचं. हौद कितीही लांब असला तरी त्या झाकणाला कडी आणि कुलूप लावल्याशिवाय अंगणात खेळाची कुठलीच सोय करू नका, हे मी अगदी कळकळीनं सांगतोय.

आता गच्चीचा विषय, कारण फ्लॅटवाले आणि छोट्या प्लॉटवाले हमखास विचारतात की गच्चीवर केलं तर? हिशोब करून बघा. कोरडी वाळू एका घनफुटाला साधारण 45 किलो भरते. 8 इंच जाडीचा थर दिला तर एका चौरस मीटरवर सव्वातीनशे किलोच्या आसपास वजन येतं, पाणी मारल्यावर अजून वाढतं. घराच्या वापरातल्या गच्चीचं डिझाइन करताना आयएस 875 या मानकाप्रमाणं माणसं-सामानाचं वजन चौरस मीटरला 150 किलोच्या हिशोबानं धरतात. म्हणजे दुपटीहून जास्त झालं, आणि ते पण कायमचं, पाहुण्यांसारखं येऊन जाणारं वजन नाही. शिवाय ओली वाळू बसून वॉटरप्रूफिंगची वाट लागते आणि कठड्यापाशी लेकरू चढायला उंचवटा तयार होतो तो वेगळाच. गच्ची आणि बाल्कनी दोन्ही नको. अपार्टमेंट असेल तर सोसायटीच्या मीटिंगमध्ये विषय काढा, पार्किंगच्या मागं पडीक कोपरा बऱ्याच ठिकाणी असतो आणि चार-पाच घरांनी मिळून खर्च केला तर कुणालाच जड जात नाही.

सावली कुठून येते तेपण याच वेळी बघून ठेवा. कडुलिंबाचं झाड असेल तर प्रश्नच मिटला. नसेल तर घराची सावली संध्याकाळी कुठल्या बाजूला पडते ते बघा, म्हणजे साधारण पूर्वेची बाजू, कारण मुलं खेळणार ती संध्याकाळीच.

वाळू, कारण अर्धा खेळ तिचाच आहे

आपल्या काळ्या मातीत हा जेसीबी चालत नाही हे आधी समजून घ्या. काळी माती उन्हाळ्यात दगडासारखी होते आणि भेगा पडतात, त्यात लहान मुलाच्या जोरानं बकेट घुसतच नाही, आणि पाऊस पडला की तीच माती फुगते, चिकटते, बकेटमधून सुटत नाही आणि फिरणाऱ्या जोडात जाऊन बसली तर वाळल्यावर सिमेंट. काही जण म्हणतात माती आहेच की अंगणात, वाळू कशाला विकत आणायची, तर त्याचं उत्तर हे आहे.

वाळू घेताना दोन प्रकार समोर येतात, नदीची आणि क्रश सँड. क्रश सँड म्हणजे दगड फोडून केलेली, तिचे कण टोकदार असतात आणि त्यात बारीक भुकटी भरपूर असते, बकेट उलटी केली की ती उडते आणि बरोबर मुलाच्या तोंडासमोर उडते. प्लास्टरला, काँक्रीटला ती उत्तम असेल, मुलांच्या खेळाला नको. नदीची वाळू गोलसर कणांची असते, हाताला बोचत नाही, ओली केली की छान बसते. फक्त ती घेताना दुकानदाराकडून रॉयल्टीच्या, म्हणजे वाळूचं सरकारी शुल्क भरल्याच्या, पावतीसकट घ्या. भीमा आणि सीना दोन्ही नद्यांचं काय करून ठेवलंय ते आपण बघतोच, रात्रीत येणाऱ्या ट्रॅक्टरची वाळू स्वस्त पडते म्हणून आपल्या लेकरांच्या खेळासाठी तरी घेऊ नका. घरी किंवा नात्यात कुणाचं बांधकाम संपलेलं असेल आणि वाळू उरली असेल तर सगळ्यात बेस्ट, फक्त त्यात सिमेंटचे खडे, खिळे, बाइंडिंग वायरचे तुकडे असणारच, म्हणून गवंड्याच्या चाळणीनं सगळी चाळून घ्यायची आणि मग एक लोहचुंबक फिरवायचा.

वाळू चांगली का मातीची हे ओळखायला पाण्याची प्लास्टिकची बाटली घ्या, एक तृतीयांश वाळू भरा, वर पाणी भरा, जोरात हलवा आणि दोन-तीन तास ठेवून द्या. खाली वाळू बसते आणि तिच्यावर गाळाचा वेगळा थर दिसतो. बांधकामात साधारण 8 टक्क्यांपर्यंत गाळ चालवून घेतात, मुलांसाठी जेवढा कमी तेवढं बरं. गाळ जास्त दिसला तर वाळू घमेल्यात थोडी थोडी घेऊन धुवायची, काम कंटाळवाणं आहे पण एकदाच करायचंय.

किती लागते? 6 बाय 6 फुटांचा खड्डा आणि 8 इंच थर धरला तर 24 घनफूट होते. एक ब्रास म्हणजे 100 घनफूट, म्हणजे पाव ब्रास सांगितलं की काम झालं, एक घनफूट वर उरते ती पुढं भर घालायला येते. पाव ब्रास म्हणजे अकराशे किलोच्या पुढं माल आहे, तो गेटच्या बाहेर टाकून जातील, आत वाहायला दोन माणसं आणि घमेली तयार ठेवा.

खड्डा करताना काळी माती फूटभर काढा, खाली 3-4 इंच खडी टाका म्हणजे पाणी मुरायला जागा राहते, त्यावर शेतीच्या दुकानात मिळणारं विणलेलं वीड मॅट अंथरा म्हणजे माती वर येत नाही आणि वाळू खाली जात नाही, मग वाळू. नुसतं प्लास्टिक अंथरू नका, पाणी साठून वाळूला वास मारायला लागतो. कडेला विटांची एक रांग किंवा शहाबादी फरशीच्या पट्ट्या उभ्या लावतात, ते दिसायला छान, पण फरशीची कड तासून घ्यायला सांगा, तिची धार पायाला लागते. जुने टायर कडेला लावायची फॅशन आहे ती टाळाच, उन्हात तापतात आणि पावसाळ्यात आत पाणी साठून डास होतात.

अजून एक, हे कुणी सांगत नाही. जेसीबीचे पाय सुट्या वाळूत एका बाजूला खचतात आणि सगळं खेळणं कलतं. म्हणून जिथं जेसीबी उभा राहणार त्या जागी वाळूच्या खाली 3-4 इंचावर एक सपाट फरशी पुरून ठेवा आणि पाय तिच्यावर टेकवा. फिरणारा जोड मात्र वाळूच्या वरच राहिला पाहिजे.

आता लेकराचं माप

वय बघून घेण्यापेक्षा अंग बघून घ्या. डब्यावर बहुतेक वेळा 3 वर्षांच्या पुढं असं लिहिलेलं असतं, आणि ते बरोबर आहे, त्याच्या आत दोन लिव्हर दोन वेगळ्या दिशांना ओढायचं गणित मुलांना जमत नाही, शिवाय वाळू तोंडात जायचं वय असतं. त्यापुढं तीन मापं घ्यायची. लेकराला खुर्चीत बसवून गुडघ्याच्या मागच्या बाजूपासून टाचेपर्यंत मोजा, सीटची उंची तेवढीच किंवा थोडी कमी पाहिजे म्हणजे दोन्ही तळपाय जमिनीवर पूर्ण टेकतात. पाय लोंबकळत असतील तर ओढताना अंग पुढं घसरतं. दुसरं, पाठ ताठ ठेवून हात पुढं केला की मुठीपर्यंत किती भरतं, लिव्हर त्याच्या अलीकडंच पाहिजेत, कोपर थोडं वाकलेलं राहिलं पाहिजे. तिसरं वजन, आणि ते डब्यावरच्या कमाल वजनाशी ताडून बघा, कारण मोठा भाऊ, मामेभाऊ, आतेभाऊ सगळेच बसणार आहेत, सुट्टीत तर नक्कीच.

ज्या मुलांच्या पायात ताकद कमी आहे त्यांच्यासाठी हा प्रकार खूप चांगला ठरतो, सगळं काम हातांवर चालतं. फक्त पाठीला टेका आणि कमरेला पट्टा असलेला बघा आणि मुलाच्या फिजिओथेरपिस्टला एकदा फोटो दाखवून विचारा.

कुठला जेसीबी

बाजारात ढोबळ तीन प्रकार आहेत आणि माझं मत मी स्पष्टच सांगतो.

बॅटरीवाला सगळ्यात भारी दिसतो, लाइट, गाणी, रिमोट सगळं असतं, 6 किंवा 12 व्होल्टची बॅटरी. तो वाळूसाठी घेऊ नका. बऱ्याच मॉडेलमध्ये आर्म शोभेपुरता असतो, ओल्या वाळूची बकेट त्याला उचलत नाही, चाकं वाळूत रुततात आणि बारीक वाळू गिअरबॉक्समध्ये शिरली की मोटर गेली. कॉलनीच्या सिमेंटच्या रस्त्यावर फिरवायला ठीक आहे. आणि मुख्य म्हणजे बटण दाबून आर्म हलण्यात मुलाच्या हाताला काहीच कळत नाही, कुठल्या लिव्हरला किती जोर लावला की बकेट कशी वळते हे शिकण्यातच तर गंमत आहे.

प्लास्टिकचा, चाकांचा, पायानं ढकलायचा. वजनाला हलका, लहान मुलाला उचलून नेता येतो, आपल्याकडं खेळण्याच्या दुकानांत सहज मिळतो. दोन-अडीच वर्षांच्या मुलासाठी, अंगणात ढकलत फिरण्यासाठी चांगला, पण डब्यावरचं वय बघून घ्या. खोदायला मात्र कमजोर, कारण ओढताना गाडीच पुढं सरकते.

तिसरा लोखंडी पाइपचा, चाकं नसलेला, खाली गोल रिंग किंवा चार पाय, वर फिरणारी सीट, दोन लिव्हर. चार वर्षांच्या पुढच्या मुलासाठी, वाळूचा खड्डा घरात असेल तर मी हाच घ्या म्हणेन. एका लिव्हरनं आर्म वर-खाली होतो, दुसरीनं बकेट आत-बाहेर वळते. आधी दोन-चार दिवस मुलं नुसती वाळू ढकलतात, मग एका क्षणी त्यांना समजतं की बकेट आत वळवून धरली आणि त्याच वेळी दुसरा हात ओढला तरच वाळू सांडत नाही. त्या वेळी त्यांचा चेहरा बघा, जीभ बाहेर, भुवया जवळ, आणि बकेट घमेल्यावर येईपर्यंत श्वास रोखलेला. आपण मधे पडून शिकवायची घाई करू नये.

बाहेरून आलेला माल महाग वाटतो त्यामागं कारण आहे, खेळण्यांवरची कस्टम ड्यूटी 2020 मध्ये 20 टक्क्यांवरून 60 आणि 2023 मध्ये 70 टक्के झाली. त्यामुळं भारतात बनलेला पर्याय आधी बघा, तो चांगला मिळाला तर स्पेअर पार्टपण सोपे पडतात.

काही जण म्हणतात एमआयडीसीत आपल्या ओळखीचा वेल्डर आहे, निम्म्या पैशात बनवून देतो. आपल्या वेल्डर लोकांच्या हातात कला आहे यात शंका नाही, पण खेळण्याची सेफ्टी हे वेगळं शास्त्र आहे, कुठल्या फटीत बोट अडकतं, कुठं पाइपचं तोंड उघडं राहिलं, हे सवयीशिवाय दिसत नाही. त्यांच्याकडून खड्ड्याची फ्रेम, सावलीसाठी चार खांबांचा सांगाडा, पुढं रिपेअरी हे सगळं करून घ्या, खेळणं स्वतः मात्र टेस्ट झालेलं घ्या.

दुकानात हात लावून काय तपासायचं

पहिलं आयएसआय मार्क. 1 जानेवारी 2021 पासून 14 वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांना हा सक्तीचा आहे. बिगर-बॅटरीच्या खेळण्याला आयएस 9873 आणि बॅटरीवाल्याला आयएस 15644 हे नंबर असतात, खाली सीएम/एल नंबर म्हणजे कंपनीचा लायसन्स नंबर असतो. फोनवर बीआयएस केअर ॲप टाका आणि दुकानात उभ्या उभ्या तो नंबर टाकून बघा, कंपनीचं नाव आणि माल जुळला पाहिजे. सीई लिहिलेलं दाखवतील, ते युरोपचं आहे, आयएसआयच्या जागी चालत नाही. संक्रांतीला होम मैदानावर गड्डा, म्हणजे सिद्धेश्वरांची जत्रा, भरतो तेव्हा मुलं खेळण्यांच्या स्टॉलपुढून हलत नाहीत, तिथं छोटी-मोठी खुशी जरूर घ्या, पण ज्यावर अख्खं लेकरू बसणार आहे ते खेळणं मार्क बघितल्याशिवाय गर्दीत घेऊ नका.

मग फटी. आर्म हळूहळू पूर्ण वर, पूर्ण खाली, बकेट आत, बकेट बाहेर असं करत करत प्रत्येक जोडापाशी साधी पेन्सिल लावून बघा. जिथं पाइप जवळ येतात आणि पेन्सिल आत जाऊन दाबली जाते तिथं मुलाचं बोटपण जाणार. चांगल्या खेळण्यात फट एक तर इतकी कमी असते की बोट शिरतच नाही नाहीतर इतकी मोठी की अडकत नाही. सीटच्या खाली फिरणाऱ्या जोडावर कव्हर आहे का बघा, तिथं शर्टाचं टोक आणि मुलींच्या फ्रॉकची फीत जाते.

कलंडतो का ते असं बघा. मुलाला सीटवर बसवा, तुम्ही एका हातानं मुलाला धरा, आर्म पूर्ण पुढं ताणा आणि दुसऱ्या हातानं बकेट खाली दाबून सीटपासून लांब ओढा, म्हणजे बकेट घट्ट वाळूत अडकल्यासारखी. मागचे पाय उचलले जात असतील तर खालचा घेर अपुरा आहे. हेच आर्म बाजूला फिरवून करा, चार पायांच्या मॉडेलची खरी परीक्षा दोन पायांच्या मधल्या दिशेला होते. दुकानदार म्हणेल, 'साहेब, काय होत नाय बघा, लय मजबूत आहे', त्यांना नम्रपणे म्हणा की अण्णा एकदा बघूनच घेतो की.

बाकी पटापट: पाइपची तोंडं कॅपनं बंद, वेल्डिंगला हात फिरवला तर खरखर नको, नट नायलॉनच्या रिंगवाले म्हणजे नायलॉक, बोल्टची टोकं झाकलेली, बकेटचे दात गोलसर, लिव्हरवर रबरी ग्रिप आणि ती ओढून निघत नाही ना. रंग पावडर कोटिंगचा असेल तर उत्तम. पुढं कधी घरी रंग मारायची वेळ आली तर हार्डवेअरच्या दुकानातून कुठलाही ऑइलपेंट उचलू नका. घरगुती आणि सजावटीच्या रंगात शिसं 90 पीपीएमपेक्षा (दहा लाख भागांत 90 भाग) जास्त नको हा नियम 1 नोव्हेंबर 2017 पासून आहे, डब्यावर तसं लिहिलेलं बघून घ्या, इंडस्ट्रियल पेंटला तो नियम लागू नाही.

ऑनलाइन घेत असाल तर फोटोत मूल बसलेलं दिसतं त्यावर जाऊ नका, मापं वाचा, डब्याचं वजन वाचा कारण हलका लोखंडी जेसीबी म्हणजे पातळ पाइप, आणि वाईट रिव्ह्यू आधी वाचा, त्यात कुठला पार्ट तुटतो ते कळतं. खोका उघडताना व्हिडिओ काढा. सेकंडहँड मिळाला तर वेल्डिंगपाशी केसासारखी चीर आणि सीटचा डावा-उजवा डगडगाट एवढं तरी बघा.

सोलापूरचं ऊन

एप्रिल-मेमध्ये पारा 42-43 च्या घरात जातो तेव्हा लोखंडी लिव्हर आणि काळी सीट दुपारी चटका देतात. रंग निवडायला मिळाला तर पिवळा किंवा फिकट घ्या, काळा-गडद नको. बसवण्याआधी तळहाताची मागची बाजू सीटवर पाच सेकंद ठेवा, आपल्याला सोसवलं नाही तर त्यांना कुठून सोसवणार, आणि वाळूपण तशीच तपासा. वर हिरवी शेडनेट बांधा, डाळिंबाच्या आणि रोपवाटिकेच्या सामानाच्या दुकानांत मीटरवर मिळते, 75 टक्क्यांची घ्या. त्यानं प्लास्टिकपण टिकतं, नाहीतर दोन उन्हाळ्यात पांढरं पडून तडकतं. खेळायची वेळ सकाळी नऊच्या आत आणि संध्याकाळी साडेपाचनंतर. डोक्याला टोपी, जवळ पाण्याची बाटली, आल्यावर ताक.

संध्याकाळी खेळायच्या आधी वाळूवर झारीनं पाणी मारा, थंड होते आणि उडत नाही. किती मारायचं? मुठीत दाबली की लाडू वळला पाहिजे आणि बोटांमधून पाणी गळता कामा नये. अशी वाळू बकेटमध्ये भरते, कोरडी सांडून जाते आणि मुलं वैतागतात.

रोज खेळताना

खड्डा रात्री ताडपत्रीनं झाका, नाहीतर मांजरं-कुत्री तिथं घाण करतात आणि त्यातून मुलांच्या पोटात जंत जातात. पण ताडपत्री काढताना हात घालू नका. आपल्या भागात विंचू आहेत, सापपण निघतात, आणि ताडपत्रीखालचा गारवा त्यांना आवडतो. मोठ्या माणसानं बूट घालून, काठीनं एक कड उचलून, झटकून काढायची, मग दंताळ्यानं पूर्ण वाळू एकदा वरखाली करायची आणि त्यानंतरच मुलांना हाक मारायची. कडेला विटांचा किंवा लाकडाचा ढीग ठेवू नका. काही चावलंच तर मंत्र, चुना, कांदा करत बसू नका, मुलाला शांत ठेवा आणि सरळ सिव्हिलला किंवा जवळच्या मोठ्या हॉस्पिटलला न्या.

दोन मुलं असली की भांडण ठरलेलं. फक्कीनं जेसीबीभोवती गोल आखा, खो-खोच्या ग्राउंडवर आखतात तसा, आणि नियम एकच की जेसीबी चालू असताना गोलाच्या आत कुणी नाही. बाहेरच्याला घमेलं, चाळणी, छोटा टिपर द्या, तो ट्रॅक्टरवाला आणि आतला ऑपरेटर, बकेट रिकामी करायची जागा कडेला ठरवून द्या. पाळी बदलायला फोनचा टायमर लावा, आपण सांगितलं की रडतात, घंटी वाजली की उठतात.

सैल ओढणी, लांब फीत, गळ्यातला दोरा, काचेच्या बांगड्या काढून ठेवा. पायात बंद चप्पल किंवा बूट. डोळ्यात वाळू गेली तर चोळू द्यायचं नाही, स्वच्छ पाण्याची धार सोडायची, तरी खुपत असेल तर डोळ्याच्या डॉक्टरांकडं. खेळ झाला की साबणानं हात, नखं आणि पाय.

देखभाल

लोक इथं कौतुकानं ग्रीस लावतात आणि तेच बाधतं, ग्रीसला वाळू चिकटते आणि जोड घासून काढते. जोडांवर तेल-ग्रीस नको. जुन्या रंगाच्या ब्रशनं वाळू झाडायची आणि कुरकुर आलीच तर ग्रॅफाइट पावडर किंवा सिलिकॉन स्प्रे थोडा, कपड्यानं पुसून. नवीन जेसीबीचे सगळे बोल्ट पहिल्या आठवड्यानंतर परत एकदा आवळा कारण नवीन जोड बसतात आणि सैल होतात, त्यानंतर महिन्यातून एकदा. सोबत आलेली ॲलन की (बोल्ट आवळायची षटकोनी किल्ली) आणि माहितीपत्रक एका पिशवीत घालून खिळ्याला टांगून ठेवा.

पावसाळ्यात जेसीबी उचलून पोर्चमध्ये किंवा जिन्याखाली घ्या, आपल्याकडं कोकणाएवढा पाऊस नाही पण साचलेलं पाणी पाइपच्या आत गंज धरवतं. रंग उडालेला दिसला की लगेच घासून टच-अप करा. वाळू पावसाळा संपल्यावर चाळा, दोन-तीन दिवस उन्हात पसरा आणि कमी झाली असेल तेवढी भर घाला, वास येत असेल किंवा हिरवट झाली असेल तर पूर्ण बदला, जुनी झाडांच्या आळ्यात जाते.

मुलाचे गुडघे लिव्हरला लागायला लागले की ते खेळणं त्याला लहान झालं. जवळच्या अंगणवाडीत किंवा बालवाडीत मोकळी जागा असेल तर ताईंना विचारून तिथं द्या, देताना बोल्ट आवळून, ग्रिप नवीन लावून, पिशवीतली ॲलन की आणि माहितीपत्रक सोबत द्या आणि गोल केवढा आखायचा ते त्यांना फक्कीनं एकदा आखून दाखवा.